संध्याकाळची फोर्ट फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या फोर्ट भागात, गेटवेपासून सीएसएमटीपर्यंत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत), मी संध्याकाळी लोकांना घेऊन चालते. नाव नोंदवताना, चालता चालता आणि घरी पोचल्यावर रात्री येणाऱ्या मेसेजमध्येही तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

फेरी संध्याकाळीच का? सकाळी गर्दी कमी असते ना?

गर्दी कमी असते, हे खरं. पण फोर्टातल्या सगळ्यात देखण्या इमारती पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहेत. उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह ही रांग बांधली तेव्हा समोर मैदान होतं आणि मैदानापलीकडे थेट समुद्र. आज आपण या मैदानाच्या, म्हणजे ओव्हलच्या, पश्चिमेला ज्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती बघतो, त्या नंतर भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात उभ्या राहिल्या. सकाळी ही गॉथिक रांग स्वतःच्याच सावलीत असते. नक्षी आहे एवढं कळतं, पण काय कोरलंय ते दिसत नाही.

संध्याकाळी ऊन तिरपं येतं आणि दगडावरची प्रत्येक खाच उठून दिसते. ओव्हलच्या मधल्या वाटेवर उभं राहून बघा. पश्चिमेकडच्या इमारतींची सावली आधी मैदानावर पसरते, मग समोरच्या कमानींवर चढू लागते. न्यायालयाचं छप्पर काळवंडतं आणि शेवटी फक्त राजाबाईच्या टोकावर ऊन उरतं. ही पंधरा-वीस मिनिटं मी बोलत नाही. फेरीची सगळी वेळ या मिनिटांभोवती बेतलेली आहे.

त्यानंतर दिवे लागतात, आणि दिवसा न दिसलेली इमारत दिसते. सीएसएमटीचा घुमट दिवसा वाहतुकीच्या गोंगाटात हरवतो. रात्री तो एकटाच उरतो.

सुरुवात कुठे, शेवट कुठे? चालावं किती लागतं?

सुरुवात गेटवे ऑफ इंडियाजवळ. तिथून रीगल सिनेमा, वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, ओव्हल, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल आणि शेवट सीएसएमटीसमोर. वळणं धरून साडेतीन किलोमीटरच्या आसपास, तीन तास. सतत चालायचं नसतं, अर्धा वेळ तर आपण मान वर करून उभेच असतो. मान दुखते, पाय नाही.

निघायची वेळ दर महिन्याला बदलते, ती का?

सूर्यास्तामुळे. नोव्हेंबरअखेर मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात होऊन जातात. हिवाळ्यात आपण सव्वाचारला निघतो, उन्हाळ्यात सव्वापाचला. उशिरा येणाऱ्यांसाठी दहा मिनिटं थांबते, त्याहून जास्त नाही. ओव्हलवरचं ऊन कोणासाठी थांबत नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचे. एप्रिल-मेमध्ये घाम निघतो, पण कामाला जाणाऱ्या मुंबईकराला त्याचं काय! पावसाळ्यात फेरी बंद नसते. ओला काळा दगड आणि त्यावर दिव्यांचा उजेड हे दृश्य इतर आठ महिन्यांत मिळत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण छत्रीखालून वर बघता येत नाही. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर मात्र फेरी पुढे ढकलतो.

वार कोणता चांगला?

रविवार. फोर्ट ही कचेऱ्यांची वस्ती. रविवारी रस्ते मोकळे, पदपथावर चालायला जागा, आणि एखाद्या इमारतीसमोर बारा जण थांबले तरी कोणाची वाट अडत नाही. शनिवारही चालतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला सीएसएमटी आणि चर्चगेटकडे धावणाऱ्या लोंढ्यातून वाट काढणं मी टाळते.

इंग्रजांनी बांधलेल्या इमारतींचं एवढं कौतुक कशाला करायचं?

हा प्रश्न बहुतेक फेऱ्यांत कोणी ना कोणी विचारतंच. विचारायलाच हवा. या इमारतींच्या पाटीवर ज्यांची नावं आहेत, त्यांच्याइतकीच पाटीवर नसलेली माणसंही मला महत्त्वाची वाटतात, आणि फेरी मी त्यांच्यासाठीच घेते.

राजाबाई टॉवरचंच बघा. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या लंडनच्या वास्तुविशारदाचा. हा गृहस्थ मुंबईत कधी आलाच नाही, नकाशे तिकडून पाठवले. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी. कापसाच्या तेजीतले सगळ्यात मोठे व्यापारी. दोन लाख रुपये दिले आणि टॉवरला आईचं नाव द्यावं अशी अट घातली. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. आता त्याच्या वरच्या भागात नीट बघा, दुर्बीण मी सोबत ठेवते. तिथे पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, पेहराव आणि पागोट्यांसकट. हे पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. लंडनच्या कागदावरच्या मनोऱ्यावर इथली माणसं चढवली ती त्यांनी. किती मुंबईकरांनी हे नाव ऐकलंय?

पैशाची बाजूही मी झाकत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तोच पैसा या शहरात खेळला. युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये बाजार कोसळला, त्यात खुद्द प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्याआधीचा पैसा अफूचा. जमशेटजी जीजीभाई आणि डेव्हिड ससून या दोघांच्याही व्यापारात चीनला जाणारी अफू होती. त्यांच्या देणग्यांतून उभी राहिलेली रुग्णालयं, शाळा, वाचनालयं आपण आजही वापरतो. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात असं मला वाटतं.

आणि या दगडांसमोर जे घडलं तेही सांगायचंच. उच्च न्यायालयात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ते न्यायालयात जे बोलले, ते आज त्याच दालनाबाहेर कोरून लावलेलं आहे. आजच्या आझाद मैदानाच्या जागी १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. हॉर्निमन सर्कलला ज्यांचं नाव आहे ते बेंजामिन हॉर्निमन इंग्रजच, पण ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून सरकारवर इतकी टीका केली की १९१९ मध्ये त्यांना इथून हद्दपार केलं. कौतुक म्हणून नाही, तर हे सगळं आपल्या नावावर आहे म्हणून मी या इमारती बघते.

गेटवेपासून सुरुवात करायचं काही कारण?

आहे. गेटवे आणि ताज समोरासमोर बघितले की बरेच गैरसमज तिथेच सुटतात. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरमध्ये इथे उतरले, त्यांच्या स्मरणार्थ गेटवे बांधला. म्हणजे ते उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ चा, आराखडा जॉर्ज विटेट यांचा, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे राजासाठी बांधलेली कमान राजाच्या कामी आली नाही. तिच्याखालून २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण बाहेर पडली.

ताज त्याच्याही आधीचं, १९०३ चं. ते चुकून उलटं बांधलं गेलं आणि म्हणून वास्तुविशारदानं जीव दिला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खोटी आहे. ताजचं मूळ काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं. वैद्य काम पुरं होण्याआधी वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्ण केलं. हे वैद्य नाव लक्षात ठेवा, फेरीच्या शेवटी परत भेटेल.

इमारतींच्या आत जाता येतं का?

या फेरीत नाही. संध्याकाळी न्यायालय, विद्यापीठ, वस्तुसंग्रहालय बंद झालेली किंवा होत आलेली असतात. राजाबाई टॉवरवर चढायला तर दिवसाही परवानगी नाही. आतून बघायचं असेल तर वस्तुसंग्रहालयासाठी एक अख्खी दुपार वेगळी ठेवा. घाईत उरकायची ती जागा नव्हे.

गॉथिक, इंडो-सारासेनिक वगैरे मला काही कळत नाही. तरी मजा येईल?

येईल. तासाभरात तुम्हीच ओळखायला लागाल. कमानीचं टोक वर निमुळतं, उंच कळस, कोपऱ्यांतून तोंड बाहेर काढून पाणी ओकणारी जनावरं दिसली की गॉथिक. गोल घुमट, दगडी जाळी, सज्जे दिसले की इंडो-सारासेनिक. वस्तुसंग्रहालय आणि जीपीओ (मुख्य टपाल कचेरी) या दोन्हींचे घुमट बघितल्यावर विजापूर बघून आलेला माणूस लगेच ‘गोलघुमट!’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. दोन्हीकडे प्रेरणा तिथलीच. एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल या दोन्हींहून वेगळा आणि जुना, १८३३ चा. सरळ जाडजूड खांब आणि समोर ३० पायऱ्या.

शैलीपेक्षा दगड ओळखायला शिका, असं मी म्हणेन. काळा बसाल्ट आपल्या सह्याद्रीचा, कठीण. पिवळसर दगड मालाड-कुर्ल्याच्या खाणींचा. आणि नाजूक नक्षी दिसली की बहुतेक वेळा पोरबंदरचा मऊ चुनखडक. एका फेरीत साताऱ्याकडचे एक काका होते, जन्मभर पाथरवटाचं काम केलेले. एका खांबाशी थांबले, काळ्या दगडावरून तळवा फिरवला, मग वरच्या फिकट पानावर नजर लावली आणि म्हणाले, ‘खालचा भार सोसतो, वरचा छिन्नी सोसतो. एकाच्यानं दोन्ही होत नाय.’ त्यानंतर मी ही गोष्ट कुठल्याही फेरीत सांगायची सोडली नाही.

उच्च न्यायालयावर माकड कोरलंय, हे खरं का?

खरं. डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू घेतलेलं माकड आहे, आणि पट्टी एकाच डोळ्यावर आहे! कंत्राटदाराचं बिल थकलं किंवा तो खटला हरला म्हणून त्यानं सूड उगवला, अशी आख्यायिका आहे. मी ती आख्यायिका म्हणूनच सांगते. प्रेमचंद यांची आई राजाबाई जैन, सूर्यास्ताआधी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून घंटा, हीही तशीच ऐकीव गोष्ट. ऐकायला गोड आहे, तेवढीच.

काळा घोडा म्हणजे नेमका कुठला घोडा?

मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा. तो १९६५ मध्ये हलवला, आता भायखळ्याला आहे. जागेचं नाव मात्र लोकांनी सोडलं नाही. राजा विसरले, घोडा लक्षात ठेवला. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा.

याच चौकाजवळ एस्प्लनेड मॅन्शन आहे, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. संपूर्ण लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजानं आणला आणि इथे जोडला, १८६० च्या दशकात. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. आज तिची अवस्था बघवत नाही. आपल्याकडे सिनेमावर जीव टाकणारी कोट्यवधी माणसं आहेत, आणि जिथे पहिला पडदा लागला ती इमारत अशी गंजत उभी. तिच्यासमोर मी मुद्दाम थांबते.

फ्लोरा फाउंटन म्हणायचं की हुतात्मा चौक?

चौकाचं नाव हुतात्मा चौक, त्यातल्या कारंज्याचं नाव फ्लोरा फाउंटन. कारंजं १८६४ चं, फ्लोरा या रोमन देवतेचं. खरं तर ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी करवून घेतलं होतं. फोर्टाची तटबंदी पाडायला काढली तेव्हा चर्चगेट नावाचा दरवाजा होता, त्या जागी हे आणून बसवलं. हे चर्च म्हणजे १७१८ चं सेंट थॉमस, आजच्या चर्चगेट स्टेशनपासून बरंच पूर्वेला. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर याच चौकात गोळीबार झाला. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार ज्या स्मारकावर आहेत, ते त्या हुतात्म्यांचं. इथे चप्पल काढायची सक्ती नाही. पण ज्यांच्या घरी आजोबा चळवळीत होते अशी माणसं फेरीत येतात आणि आपणहून काढतात.

घोड्याच्या व्हिक्टोरियातून फेरी होते का?

नाही. उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये घोडागाड्या बंद करायला सांगितलं आणि ते योग्यच झालं. डांबरी रस्त्यावर त्या घोड्यांचे हाल मी पाहिलेत.

लहान मुलांना आणायचं का? आजी-आजोबांना?

सात-आठ वर्षांपुढची मुलं आनंदानं चालतात. त्यांना मी एक काम देते, सीएसएमटीच्या भिंतींवरचे प्राणी मोजायचे. माकड, मोर, घुबड, खार, सरडा. मोठ्यांना दिसत नाहीत ते त्यांना दिसतात.

ज्येष्ठ मंडळींसाठी वाटेत बसायला दोन-तीन ठिकाणी थांबतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर एशियाटिकच्या पायऱ्या चढू नका, खालून छान दिसतं. व्हीलचेअरबद्दल खरं सांगायचं तर पदपथ सलग नाहीत आणि उंचवटे बरेच आहेत. आधी कळवलंत तर मी ओव्हल ते हॉर्निमन सर्कल एवढाच सोपा टप्पा आखून देते.

बाई एकटी आली तर?

माझ्या फेरीत निम्म्याहून जास्त एकट्या आलेल्या बायकाच असतात. कचेऱ्या सुटल्यावर फोर्टातल्या काही गल्ल्या सुनसान होतात, तिथून आपण जातच नाही. शेवटी सगळ्यांना सीएसएमटीपर्यंत सोडते.

फोटो काढता येतात का?

रस्त्यावरून मोबाइलनं खुशाल काढा. तिपाई लावायची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो, फलाटावर तर नक्कीच. न्यायालयाच्या फाटकावरचे पोलीस नाही म्हणाले तर नाही. सीएसएमटीचा चांगला फोटो महापालिकेच्या कोपऱ्यावरून येतो, पण बसची एक रांग जाऊ द्या.

सोबत काय आणू?

पाणी. पायाला सवयीचे बूट किंवा चपला. बॅग लहान, कारण गेटवेला तपासणी होते.

वाटेत खायचं काय?

निघण्याआधी थोडं खाऊन या. हॉर्निमन सर्कलनंतर चहा घेतो, इराणी उघडा मिळाला तर ब्रुन मस्काही. चहाचे पैसे ज्याचे त्याने.

गाईडशिवाय गेलो तर चालेल?

का नाही? रस्ते सगळ्यांचे आहेत. ओव्हलची गॉथिक आणि आर्ट डेको रांग २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, सीएसएमटी २००४ पासून, वाचायला भरपूर मिळतं. गाईड घेणार असाल, मग मी असो किंवा दुसरं कोणी, तर एवढंच बघा की तो माणूस आख्यायिका आणि इतिहास वेगळे करून सांगतो का, आणि प्रश्न विचारल्यावर थांबतो का. गट पंधरापेक्षा मोठा असेल तर मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. माझ्याकडे बाराच जण घेते.

शेवट सीएसएमटीलाच का?

दिवे लागायची वेळ तिथे जुळते, हे एक. दुसरं कारण ते मघाचं नाव.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली, तेव्हा या स्थानकाला तिचं नाव दिलं. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, काम १८७८ ला सुरू, खर्च १६ लाखांच्या वर. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता कोण? तेच सीताराम खंडेराव वैद्य, ज्यांच्या ताजपासून आपण निघालो. नक्षीकामाचा मोठा भाग जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा. भिंतीवरच्या गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत, त्यात पागोटं घातलेले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाईही आहेत. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला.

आता दर्शनी भागात घड्याळाच्या खाली बघा, एक कोनाडा आहे. तिथे राणीचा पुतळा होता. आज कोनाडा रिकामा आहे, आणि दिव्यांच्या उजेडात तो रिकामेपणा जास्तच ठळक दिसतो. त्याच्या आजूबाजूची पानं, मोर, माकडं मात्र कोरणाऱ्या पोरांनी जशी सोडली तशी जागेवर आहेत.

परत कसं जायचं?

सीएसएमटीहून मध्य आणि हार्बरच्या लोकल समोरच आहेत. पश्चिम रेल्वेवाल्यांनी चर्चगेटपर्यंत टॅक्सी धरावी, चाललात तर पंधरा-वीस मिनिटं. भुयारी मेट्रोचं स्थानकही इथेच आहे. रस्ता ओलांडताना भुयारी मार्गच वापरा, वर बघत बघत गाड्यांसमोर जाऊ नका. तीन तास वर बघायची सवय झालेली असते.